रफ वहीतली पाच मिनिटं : विज्ञान, गणित, इतिहासाच्या तासाला मुलांना लिहितं कसं करायचं

आपल्या शाळांत मुलं लिहीत नाहीत असं म्हटलं तर पालक हसतील. मुलं दिवसभर लिहीतच असतात. फळ्यावरचं उतरवतात, सरांनी सांगितलेली उत्तरं घेतात, घरी गाइडमधून स्वाध्याय वहीत काढतात, प्रयोगवही वरच्या वर्गातल्या ताईच्या वहीवरून पूर्ण करतात. वर्षाअखेर दप्तरभर वह्या भरलेल्या. पण या सगळ्यात त्या मुलानं स्वतः जुळवलेली वाक्यं किती? निबंधवहीत थोडीफार सापडतील (तिथेही 'मी मुख्यमंत्री झालो तर' बहुधा पाठच केलेला असतो). विज्ञान, भूमिती, भूगोलाच्या वहीत शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

हा लेख पाचवी ते बारावीच्या विषयशिक्षकांसाठी आहे. भाषेच्या शिक्षकांनी जरूर वाचावा, पण त्यांच्यावर आणखी ओझं टाकायचा इरादा नाही, उलट थोडं उतरवायचा आहे. प्रत्येक विषयाची लिहिण्याची स्वतःची रीत असते आणि ती त्या विषयाच्या तासालाच शिकवता येते. निरीक्षण आणि अनुमान वेगळं कसं मांडायचं हे मराठीच्या बाईंनी का शिकवावं? ब्रिटनमध्ये 1975 साली बुलक समितीनं शिफारस केली होती की प्रत्येक शाळेचं, सगळ्या विषयांना लागू होईल असं भाषेचं धोरण असावं. आपल्याकडे स्टाफरूममध्ये आजही "पोरांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत" हे वाक्य मराठीच्या टेबलाकडे बघूनच म्हटलं जातं.

आधी एक वही उघडून बघा

सुरुवात करायची ती स्वतःच्या वर्गापासून. आज जमा झालेल्या वह्यांमधली कुठलीही एक विज्ञानाची वही घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करा. फळ्यावरून आलेल्या वाक्याला 'फ', पुस्तकातून किंवा गाइडमधून आलेल्याला 'प', मुलानं स्वतः जुळवलेल्याला 'स्व'. पहिल्या पाच पानांत 'स्व' दिसला नाही तर दचकू नका, बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं. याचा दोष मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. 'वही पूर्ण' असणं म्हणजे अनुक्रमणिका, तारीख, समास आणि लाल शाईची बरोबरची खूण, असंच आपण त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं आहे.

आता कुणी म्हणेल, उतरवून घेतल्यानंही लक्षात राहतंच की. थोडं राहतं. पण 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक साधा प्रयोग आपल्या कामाचा आहे. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काही उतारे पुन्हा वाचायला लावले, आणि काहींबाबत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलं, न बघता लिहिलेलं अधिक टिकलं होतं. उद्याच्या चाचणीसाठी पाठांतर चालून जातं आणि सहामाहीपर्यंत सगळं धुऊन निघतं, हा आपला रोजचा अनुभव त्यातच बसतो.

एकच रफ वही, सगळ्या विषयांना

नवी वही आणायला सांगू नका. 'लेखन उपक्रम वही' म्हटलं की पालक तिला कव्हर घालणार, मुलगी नक्षीदार समास आखणार आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्यातही सुवाच्य अक्षरात उतरवणं सुरू होणार. प्रत्येक मुलाकडे रफ वही असतेच. जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून केलेली असली तर उत्तमच. ही वही तपासली जात नाही हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून तिच्यात ती मोकळेपणानं खोडतात. आपल्याला तेच हवंय.

आणि वही सगळ्या विषयांना एकच ठेवा. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्याचा फायदा भूगोलापाशी आल्यावर कळेल.

नियम मोजके ठेवा. तारीख आणि विषय लिहायचा. पुस्तक मिटलेलं. खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. शुद्धलेखनाची काळजी नाही. लिहिलेलं फाडायचं नाही. इतकंच.

तासातली पाच मिनिटं

वेळ कुठून काढायचा, हा पहिला आक्षेप. पोर्शन संपत नाही, वर परीक्षा, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. म्हणून रोज नको. आठवड्यातून दोन तास निवडा आणि त्या तासांची पाच मिनिटं घ्या. पाचाची सात झाली की दुसऱ्या आठवड्यात उपक्रम बंद पडतो, तेव्हा घड्याळ लावूनच.

ही पाच मिनिटं तासात तीन ठिकाणी बसतात. पाठ सुरू करण्याआधी: 'याबद्दल तुला आत्ता काय वाटतं, आणि का?' मधेच, प्रयोगाच्या किंवा उदाहरणाच्या ऐन टोकाला: 'पुढे काय होईल?' आणि शेवटी, पुस्तक मिटून: 'आज जे झालं ते आज गैरहजर असलेल्या मित्राला सांग.' सुरुवातीला शेवटचा प्रकार सोपा जातो. पण माझं मत विचाराल तर खरी मजा मधल्या प्रकारात आहे, कारण अंदाज एकदा कागदावर उतरला की मुलगा त्याला बांधला जातो. तोंडी विचारलं तर उत्तर आल्यावर अख्खा वर्ग म्हणतो, "आम्हाला हेच वाटलं होतं."

पहिले काही दिवस तुम्हीही लिहा. फळ्याच्या कोपऱ्यात, मुलांबरोबर, खोडत खोडत. सर अडखळतात हे बघितल्यावर मागच्या बाकावरच्या मुलांची पेनं चालायला लागतात.

विज्ञान : पेल्याच्या बाहेरचं पाणी

सहावी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात चालणारा प्रयोग घेऊ. स्टीलचा कोरडा पेला, त्यात बर्फ आणि थोडं पाणी. टेबलावर ठेवा आणि पाच मिनिटं फक्त बघून लिहायला सांगा. नियम असा की डोळ्यांनी दिसलं, हाताला लागलं तेवढंच लिहायचं.

पहिल्या खेपेला बहुतेक वहीत साधारण असं येतं: 'पेल्यात बर्फ टाकला. बर्फामुळे पेला थंड झाला आणि बाहेरच्या बाजूने सांद्रीभवन झाले.' शब्द बरोबर, उत्तर पुस्तकातलं, आणि निरीक्षण शून्य. सांद्रीभवन (बाष्पाचं पाणी होणं) कुणाला दिसलं? दिसले ते थेंब. मग वर्गाला विचारा की यातला कुठला शब्द डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्यावर रेघ मारायची आणि पुन्हा लिहायचं. दुसऱ्या खेपेला येतं: 'पेल्याच्या भाहेर पानी आलं. आधी धुकं बसल्यासारखं झालं, बोट फिरवलं तर रेघ उमटली. मग बारीक थेंब झाले. वरच्या बाजूला, जिथे बर्फ पोचला नाही तिथे कोरडंच आहे.' शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. ते कुठल्याही गाइडमध्ये नाही आणि पुढचा सगळा विचार त्याच्यावरच उभा राहणार आहे. 'भाहेर' आणि 'पानी' यांना आत्ता हात लावू नका.

मग पानावर खाली एक आडवी रेघ मारायला लावा. रेघेच्या वर पाहिलेलं, रेघेच्या खाली 'मला वाटतं'. खाली हमखास दोन मतं येतात. एक, पेल्यातून पाणी झिरपलं. दोन, हवेतून आलं. (कधीकधी तिसरं, बर्फ वितळून काठावरून ओघळलं. तेही लिहू द्या.) तुम्ही निकाल देऊ नका. पुढचा प्रश्न लिहून द्या: 'तुझं म्हणणं खरं असेल तर काय दिसायला हवं, आणि खोटं असेल तर काय?' मुलं स्वतःच सुचवतात की आत शाई घालू, झिरपत असेल तर बाहेरचे थेंब निळे येतील. किंवा काटा असेल तर वजन करू. आतलं पाणी बाहेर आलं असेल तर एकूण वजन तेवढंच राहील, हवेतून आलं असेल तर वाढेल. दुसऱ्या दिवशी करून बघा आणि निकाल कालच्या वाक्याखालीच लिहायला लावा. अंदाज चुकलेला असेल तरी तो तसाच राहू द्यायचा. (कोरड्या हवेच्या दिवसांत, विशेषतः मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात, थेंब फार कमी धरतात किंवा धरतच नाहीत. तेव्हा हा प्रयोग जून-जुलैत घ्या, किंवा मुद्दाम दोन्ही ऋतूंत घ्या आणि फरक लिहायला लावा.)

प्रयोगवहीतलं उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे साचेबंद रूप याच्या नंतर यावं. ते वाईट नाही, पण आधी भरायला दिलं की मुलं अनुमान आधी लिहितात आणि त्याला जुळतील असे आकडे निरीक्षणात भरतात. नववीतला ओहमचा नियम घ्या. विभवांतर 0.5, 1.0, 1.5, 2.0 व्होल्ट आणि विद्युतधारा 0.10, 0.20, 0.31, 0.39 अँपिअर आली, तर गुणोत्तर 5.0, 5.0, 4.84, 5.13 येतं. मुलं सरळ चारही ठिकाणी 5 लिहून मोकळी होतात आणि खाली 'म्हणून ओहमचा नियम सिद्ध झाला'. त्याऐवजी हे लिहायला शिकवा: 'गुणोत्तर 4.8 ते 5.1 च्या दरम्यान आलं. अगदी सारखं आलं नाही, कारण अमीटरचा काटा दोन रेघांच्या मधे होता.' असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या, आणि ते सगळ्या वर्गासमोर द्या.

शास्त्रज्ञ असंच लिहितात हे मुलांना सांगायला दोन नावं पुरेत. मायकेल फॅराडे हा बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मुलगा. प्रयोगांच्या रोजनिशीतल्या नोंदींना त्यानं क्रमांक दिले आणि तो आकडा सोळा हजारांच्या पुढे गेला. फसलेले प्रयोगही त्याच ओळीत लिहिलेले. दुसरं नाव आपल्या जवळचं. सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याच्या घरट्यांवर नजर ठेवली आणि दिवसच्या दिवस नोंदी केल्या. एक नर एकामागून एक घरटी अर्धवट बांधतो आणि मादी घरटं पसंत करून आली की मगच ते पूर्ण करतो, हे त्या नोंदींतून पुढे आलं. एका नजरेत असं काही दिसत नाही. कालचं वाक्य आजच्या वाक्याशेजारी ठेवलं की दिसतं.

गणित : उत्तराच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य

गणिताच्या शिक्षकांचा आक्षेप ठरलेला, आमच्याकडे लिहायला असतं काय? खरं तर मराठी माध्यमाच्या भूमितीत लिहिण्याची परंपरा भक्कम आहे. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण: 'संगत कोन', 'व्युत्क्रम कोन', 'बाकोबा कसोटी'. प्रत्येक विधानाला आधार द्यायचा हा दंडक इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कुठल्याच विषयात पाळला जात नाही. पण मुलं ते कंससुद्धा पाठ करतात. म्हणून एक काम द्या. सिद्धतेतली एक ओळ गाळून फळ्यावर लिहा आणि विचारा, 'ही ओळ नसेल तर पुढची कुठली ओळ पडते? का?' उत्तर दोन वाक्यांत, चिन्हं न वापरता.

बीजगणितात नेहमीचा खड्डा म्हणजे (a + b)² = a² + b². लाल शाईनं कितीही वेळा खोडलं तरी दहावीच्या उत्तरपत्रिकेत तो परत उगवतो. रफ वहीत असं लिहायला लावा: 'सातवीतल्या बहिणीला हे चूक का आहे ते पटवून दे. सूत्र वापरायचं नाही.' थोडं चाचपडल्यावर कुणीतरी संख्या घालतं: 3 आणि 4 ची बेरीज 7, तिचा वर्ग 49, पण 9 आणि 16 मिळून 25 च होतात. मग विचारा, उरलेले 24 कुठे गेले ते चित्रात दाखवून लिही. 7 बाजूचा चौरस काढून 3 आणि 4 वर विभागला की 3 × 4 चे दोन आयत उघडे पडतात, प्रत्येकी 12. 'दोन आयत मोजायचे राहिले' हे वाक्य ज्यानं स्वतः लिहिलं, तो 2ab सहसा विसरत नाही.

शाब्दिक उदाहरणांसाठी गाडी उलटी चालवा. समीकरण तुम्ही द्या, गोष्ट मुलांनी लिहायची. 2x + 5 = 45. येतं ते असं: 'दोन वह्या आणि 5 रुपयांचं पेन मिळून 45 रुपये झाले.' छान. आता 2x + 5 = 50 द्या आणि म्हणा, याची गोष्ट शेळ्यांवर लिहा. 'दोघा भावांकडे सारख्या शेळ्या, वडिलांकडे 5, मिळून 50.' सोडवून बघितलं तर प्रत्येकाकडे साडेबावीस शेळ्या! वर्ग हसतो. मग तेच समीकरण दुधाच्या लिटरवर लिहिलं की चालतं. चल म्हणजे कशाची संख्या, तिला अपूर्णांक चालेल की नाही, ऋण चालेल की नाही, हे विचार गोष्ट लिहितानाच सुचतात. 'कुठली रीत लावायची, सर?' हा प्रश्नही हळूहळू कमी होतो.

एक गोष्ट मात्र टाळा. प्रत्येक उदाहरणाखाली 'मी हे कसं सोडवलं' असं लिहायला लावू नका. सरळ आकडेमोडीत लिहिण्यासारखं काही नसतं. मुलं 'आधी गुणाकार केला, मग बेरीज केली' असं कंटाळून लिहितात आणि तो कंटाळा गणिताला चिकटतो.

इतिहास : आजी तेव्हा किती वर्षांची होती?

पाठ्यपुस्तकात साधनांचे प्रकार असतात: भौतिक, लिखित, मौखिक. मुलं ते तीन मुद्द्यांत लिहून टाकतात आणि पुढचे सगळे पाठ मात्र साधनं नसल्यासारखे वाचतात. त्याऐवजी एक साधन हाताळायला द्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत चालेल असा विषय म्हणजे 1972 चा दुष्काळ. घरात, शेजारी, पारावर तो पाहिलेली माणसं अजून आहेत.

मुलाखतीला जायच्या आधी वर्गात प्रश्न लिहून काढा. पहिला प्रश्न सक्तीचा: तेव्हा तुमचं वय काय होतं आणि तुम्ही कुठे होता? 1960 साली जन्मलेली आजी तेव्हा बारा वर्षांची. तिला खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेल्याचं, सुकडी खाल्ल्याचं, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या (ज्वारीच्या एका जातीच्या) भाकरीची चव आठवेल. मजुरीचा दर किंवा सरकारी निर्णय तिला नीट माहीत असण्याची शक्यता कमी. हे मुलांनी स्वतःच लिहायला हवं: 'या गोष्टीबाबत मी आजीचं ऐकेन, या गोष्टीबाबत दुसरीकडे बघेन.' साधनांची चिकित्सा म्हणतात ती एवढीच.

परत आल्यावर रफ वहीचं पान तीन उभ्या भागांत दुमडायला सांगा. एका भागात 'आजी म्हणाली', दुसऱ्यात 'छापलेलं मिळालं', तिसऱ्यात 'मला वाटतं'. छापलेल्यात रोजगार हमी योजना येईल. दुष्काळात सुरू झालेल्या कामांना 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि 1979 पासून तो कायदा लागू झाला. आजी मात्र ठामपणे 'दुष्काळातच कायदा आला' म्हणेल. इथं आजी खोटी ठरत नाही. तिच्या लेखी काम मिळायला लागलं तीच तारीख महत्त्वाची. हा फरक आठवीतला मुलगा चार ओळींत मांडू शकतो, आणि त्या चार ओळी 'दुष्काळाचे परिणाम लिहा' या प्रश्नाच्या सहा मुद्द्यांपेक्षा मला जास्त मोलाच्या वाटतात.

एक सावधगिरी. जात, जमीन, कर्ज, कुणाच्या घरातली उपासमार असे विषय निघतात. लिहिलेलं वर्गात मोठ्यानं वाचायचं की नाही हे मुलानंच ठरवावं, आणि घरच्यांना विचारून.

शाळेजवळ जुनी वास्तू, वीरगळ, शिलालेख असेल तर तोही चालेल. साधन म्हणजे कागदच असं नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारून केलेली) नाणी तोलून, वापरानं त्यांचं वजन किती झिजलं यावरून इतिहासाची मांडणी केली. गणिताच्या आणि इतिहासाच्या सरांनी मिळून एक तास घ्यायचा असेल तर चलनात फिरलेली एक-दोन रुपयांची नाणी आणि सराफाचा काटा पुरेसा आहे.

भूगोल : नावबंदीचा खेळ

'वाईला महाबळेश्वरपेक्षा पाऊस कमी का पडतो?' उत्तर: 'कारण वाई पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते.' गुण मिळतात. पण पर्जन्यछाया म्हणजे काय विचारलं की 'जिथं पाऊस कमी पडतो तो प्रदेश'. म्हणजे पाऊस कमी पडतो कारण तिथं पाऊस कमी पडतो. विज्ञानात 'गुरुत्वाकर्षणामुळे', नागरिकशास्त्रात 'लोकशाही असल्यामुळे', सगळीकडे हीच गत. नाव घेतलं की कारण दिल्याचं समाधान होतं.

म्हणून नावबंदी. फळ्यावर त्या पाठातले दोन-तीन भारदस्त शब्द लिहायचे, त्यांच्यावर फुली मारायची आणि ते न वापरता कारण लिहायला लावायचं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा लहानसा हिस्सा. मुलं लिहितात, 'ढग डोंगराला अडतात म्हणून तिकडेच पाऊस पडतो.' अडले म्हणून पाऊस का पडावा? आपटून? मग वारा वर चढतो हे येतं. वर चढला की हवा थंड होते. थंड झाली की काय होतं?

इथं सांगा, रफ वहीत मागं जा. बर्फाच्या पेल्याचं पान काढा. 'जिथे बर्फ पोचला नाही तिथे कोरडंच आहे.' हवा थंड झाली तिथंच पाणी धरलं. जूनमधलं विज्ञानाचं पान ऑगस्टमधल्या भूगोलाच्या कामी येतं ते वही एकच असल्यामुळे. विषयवार वह्यांमध्ये ही दोन पानं कधीच समोरासमोर येत नाहीत. वाईच्या बाजूला उतरताना हवा पुन्हा तापते, उरलेलं बाष्प बाष्पच राहतं, हे वाक्य मग बरीच मुलं स्वतः पूर्ण करतात. ते झाल्यावर फुली पुसायची आणि 'पर्जन्यछाया' हा शब्द बहाल करायचा.

वाणिज्य आणि बाकीचे

अकरावीच्या पुस्तपालनात रोजकीर्दीच्या प्रत्येक नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण असतं: '(रोखीने माल विकल्याबद्दल)'. विद्यार्थी ते सवयीनं खरडतात. नोंद झाकून फक्त स्पष्टीकरण दाखवा, किंवा उलट, आणि उरलेलं लिहून घ्या. मग एक अडचणीचा व्यवहार द्या. मालकानं घरखर्चासाठी दुकानातला माल नेला. उचल खाते नावे आणि खरेदी खाते जमा, हे पाठ असतं. विक्री खाते का नाही, ते मालकाच्या बायकोला समजेल असं तीन ओळींत लिहायला सांगा.

चित्रकला, शारीरिक शिक्षणातही जागा आहे, पण ओढून ताणून नको. खो-खोचा सामना हरल्यावर 'कुठल्या पाळीत, कुणाच्या चुकीच्या खोमुळे' हे संघानं लिहून काढलं तर पुढच्या सरावाची यादी आपोआप तयार होते. तेवढं बस.

बोली आणि सेमी इंग्रजी

पहिला मसुदा मुलाच्या बोलीत येऊ द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, घरी बोलतात ती कुठलीही. विचार चालू असताना 'ण' की 'न' यावर अडवलं तर मुलगा पुस्तकातलं शुद्ध वाक्य शोधायला जातो आणि आपण पुन्हा उतरवण्यावर येतो. पक्क्या वहीत नेताना प्रमाण मराठी आणि पारिभाषिक शब्द जरूर आणा. तिथं मराठीच्या शिक्षकांची मदत खुशाल मागा.

सेमीच्या वर्गांत अडचण दुहेरी असते. विज्ञान-गणित इंग्रजीत, त्यामुळे मुलं न समजलेलं वाक्यही स्पेलिंगसकट बिनचूक उतरवतात आणि शिक्षकाला सगळं आलं असं वाटतं. त्यांना रफ वहीत मराठीत लिहू द्या, शब्द इंग्रजी आले तरी हरकत नाही. 'प्रेशर वाढलं की व्हॉल्यूम कमी होतो, कारण तेच मॉलिक्यूल कमी जागेत कोंबले' हे वाक्य ज्याला लिहिता आलं, त्याला इंग्रजी उत्तर बसवणं अवघड जात नाही. उलट्या दिशेनं मात्र जमत नाही.

तपासायचं किती?

साठ मुलांचा वर्ग. वहीमागे दोन मिनिटं धरली तरी दोन तास झाले, आणि आपल्याकडे असे चार-पाच वर्ग. म्हणून सगळ्या वह्या तपासायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. दर वेळी आठ-दहा वह्या घ्या, पुढच्या वेळी पुढच्या आठ-दहा. त्यात लाल पेन वापरू नका. प्रत्येक पानावर दोनच गोष्टी: आवडलेल्या एका वाक्याखाली रेघ, आणि समासात एक प्रश्न. 'हे तुला कसं कळलं?' हा प्रश्न कुठल्याही विषयात चालतो.

उरलेल्यांसाठी जोड्या लावा. शेजाऱ्याची वही वाचायची आणि जिथं समजलं नाही तिथं प्रश्नचिन्ह काढायचं, दुरुस्ती करायची नाही. हुशार मुलांना हे जड जातं, त्यांचे हात दुरुस्तीसाठी शिवशिवतात. नाव न सांगता दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून दाखवा. त्यात चुकलेला पण विचार केलेला अंदाज मुद्दाम घ्या.

गुण द्यायचे झाले तर आकारिक मूल्यमापनात वहीला मिळून द्या, पानापानाला नको. पानाला गुण लागले की मुलं पुन्हा सुरक्षित वाक्यांकडे वळतात. आणि हे लेखन गृहपाठ म्हणून देऊ नका. घरी गाइड आहे, क्लासच्या नोट्स आहेत, आता चॅटजीपीटी आहे. वर्गातल्या पाच मिनिटांत यातलं काहीच हाताशी नसतं.

परीक्षेचं काय?

पालकसभेत हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. महिन्यातून एकदा रफ वहीतलं एक पान निवडून त्याचं परीक्षेचं उत्तर करायला लावा. 'शास्त्रीय कारणे लिहा' साठी रचना सोपी आहे: आधी घडतं काय, मग कशामुळे, मग ते कारण इथं कसं लागू पडतं, शेवटी 'म्हणून' आणि प्रश्नातलं विधान. बर्फाच्या पेल्याच्या पानातून हे चारही तुकडे मिळतात, फक्त क्रम लावायचा आणि 'सांद्रीभवन' जागेवर बसवायचं. 'फरक स्पष्ट करा' साठी मुलं दोन रकान्यांत दोन व्याख्या लिहितात. त्यांना आधी 'कुठल्या बाबतीत' हे मुद्दे काढायला लावा. रफ वही आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दाखवल्या की पालकांचा बराचसा विरोध मावळतो. मुख्याध्यापकांचाही.

सुरुवात एका वर्गानं, एका विषयानं करा. दुसरी सहामाही लागेपर्यंत दुसऱ्या विषयाचा एखादा जोडीदार मिळवा, म्हणजे एकाच वहीत दोन विषय यायला लागतील. सगळ्या शाळेसाठी परिपत्रक काढायची घाई नको. परिपत्रक निघालं की नमुना येतो, आणि नमुना आला की सगळे तो उतरवतात.

वर्गात दोन-चार मुलं अशी असतात की पाच मिनिटं झाली तरी तारखेपलीकडे पान कोरंच. काहींना खरोखर अक्षर जुळवता येत नाही, त्यांना वाचन-लेखनाची वेगळी मदत हवी आणि ती आधी द्यायला हवी. बाकीच्यांना चुकायची भीती असते. त्यांना प्रश्न देऊ नका, वाक्याची सुरुवात द्या: 'मला हे कळलं नाही की...'. ते पूर्ण केलेलं वाक्य पुढच्या तासाला पहिलं घ्या आणि पाठ तिथून सुरू करा.